रबर बरोबर नाही

पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही मराठी पुरुषाच्या हातात बेचकी द्या आणि गप्प बसून बघा. आधी तो ती उलटीसुलटी करील. मग रबर दोनदा ताणून सोडील. मग कोणीही विचारलेलं नसताना जाहीर करील, की रबर बरोबर नाही. आमच्या वेळी लाल रबर मिळायचं, तसलं आता मिळत नाही. त्यानंतर तुम्हाला शेंड्यावरची कैरी ऐकावी लागते. ही कैरी महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात होती. ती नेहमी शेंड्यावरच होती. खाली सगळी टोळी उभी होती, सगळ्यांचे खडे वाया गेले होते, आणि मग याने एका खड्यात ती पाडली. तीही कशी, तर देठावर मारून. कैरीला खडा लागला तर कैरी फुटते, आणि फुटकी कैरी या गोष्टीत चालत नाही.

अशा कैऱ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर १९६० ते १९८५ या काळात महाराष्ट्रात एकही आंबा पिकायला नको होता. शिवाय एक कोडं उरतंच. त्याच काळात, त्याच गावांत शाळेची कौलं फुटली, खांबावरचे दिवे फुटले, तारांच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या वाट्या फुटल्या, एखाद्या भटजींच्या पाठीला टेंगूळ आलं. हे सगळं कोणी केलं? विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘होता आमच्यात एक. त्याला नेम नव्हता.’ प्रत्येक टोळीत नेम नसलेला असा एकच मुलगा असायचा. तो पुढे कुठे गेला ते कोणालाही सांगता येत नाही. भरपाई मात्र सगळीकडे त्याच्याच वडिलांनी दिली.

बेचकी ही आपली पूर्वापार विद्या आहे, असंही हेच गृहस्थ सांगतात. ‘आमचे खापरपणजोबा बेचकीने घार उतरवायचे.’ इथे रबर आडवं येतं. कच्चं रबर थंडीत कडक होतं आणि उन्हात चिकटतं, त्याची बेचकी करता येत नाही. रबर गंधकाबरोबर तापवलं की ते शहाणं होतं, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये उमगलं. पेटंट त्याला १८४४ मध्ये मिळालं. डनलॉपचा हवा भरायचा टायर निघाला १८८८ मध्ये. त्यानंतर सायकल हिंदुस्थानात येणार, तिची ट्यूब पंक्चर होणार, ठिगळं लावून लावून कंटाळलेला मालक ती फेकून देणार, आणि मग ती पोरांच्या हाती लागणार. खापरपणजोबांनी तोपर्यंत दम धरायला हवा होता. त्याआधी गलोल नव्हती असं नाही, पण ती होती दोन दोऱ्यांची धनुकली. दोऱ्यांच्या मधोमध चामड्याची किंवा कापडाची खोबण आणि खोबणीत मातीची गोळी. तेव्हा एखाद्या नाटकात मावळ्याच्या हाती ट्यूबची बेचकी दिसली तर दिग्दर्शकाला शांतपणे बाजूला घ्यावं. मावळ्याकडे गोफण होती आणि त्याला ती पुरेशी होती.

गोफण खरोखरच जुनी. बायबलातल्या दाविदाने गल्याथाला लोळवलं ते गोफणीनेच. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखणाऱ्याच्या हातात अगदी परवापरवापर्यंत गोफण असायची. पण ती शिकायची म्हणजे पंचक्रोशीची परवानगी काढावी लागेल. डोक्याभोवती गरगर फिरवून एक दोरी नेमक्या क्षणी सोडायची असते, आणि नवशिक्याचा क्षण कधीही येतो. दगड पुढे जातो, बाजूला जातो, क्वचित मागे उभ्या असलेल्या गुरूकडेही जातो. बेचकीचा नवशिका निदान पुढच्या बाजूलाच धोकादायक असतो. आणि स्वतःच्या अंगठ्याला.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या भावोजींकडे यायला हरकत नाही. भावोजी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कुठलीही गोष्ट शिकायची म्हणजे आधी तिचं सामान आणायचं, हा त्यांचा शिरस्ता. गिर्यारोहण शिकताना त्यांनी आणलेले बूट अजून कोरे आहेत. बेचकी शिकायचं मनात आलं तेव्हा त्यांनी एक खोकं मागवलं. त्यातून निघालेल्या वस्तूला बेचकी म्हणायला जीभ कचरत होती. काळ्या अॅल्युमिनियमचा सांगाडा, मनगटाला टेकू, वर लाल लेसर, आणि लेसरच्या शेजारी गवंड्याकडे असते तसली बारकी पाणसळ. शिवाय तीन रंगांची रबरं, पोलादी छऱ्यांची पिशवी आणि छर्रा आपोआप चिकटावा म्हणून चामड्यात बसवलेलं चुंबक. मनगटाला टेकू असलेल्या बेचकीला जर्मनीत कायद्याने बंदी आहे, हे कळल्यावर तर भावोजींची छाती दोन इंच फुगली. आपल्या हातात काहीतरी बेकायदा आहे, निदान म्युनिकमध्ये तरी, याचा आनंद पुण्याच्या माणसाला क्वचित मिळतो.

भावोजी हे खोकं घेऊन मे महिन्यात गुहागरजवळ आमच्या आत्याकडे आले. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची. तिच्या पडवीत खुंटीला एक बेचकी असते, शेजारी छत्री आणि दुसऱ्या बाजूला आतोबांची टोपी. बेचकीचं बेचकं पेरूच्या लाकडाचं आहे, परसातल्याच झाडाचं, सावलीत वाळवलेलं. चामडं म्हणजे आतोबांच्या नोकरीतल्या शेवटच्या बुटाची जीभ. रबराचा इतिहास अधिक वैद्यकीय आहे. आत्याचा खांदा धरला होता तेव्हा डॉक्टरांनी तिला व्यायामासाठी एक हिरवी रबरी पट्टी दिली. आत्याने ती ताणून पाहिली, तिच्या डोळ्यांत एक चमक आली, आणि तिने कात्री मागवली. अर्धी पट्टी व्यायामाला राहिली, अर्धी बेचकीला लागली. खांदा कोणत्या अर्ध्यामुळे सुटला हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

यात योगायोग कमी आणि शास्त्र जास्त आहे. व्यायामाची ती पट्टी बहुधा शुद्ध लेटेक्सची असते, आणि हल्लीची काळी सायकल ट्यूब ब्यूटिल रबराची. ब्यूटिल हवा धरून ठेवायला उत्तम, कारण ते मुळातच आळशी आहे. ताणलं तर ताणतं, पण परत यायला वेळ घेतं आणि दिलेली ताकद निम्म्या रस्त्यात स्वतःच खाऊन टाकतं. लेटेक्स घेतलेलं बरंचसं परत देतं. तेव्हा ‘आमच्या वेळचं लाल रबर चांगलं होतं’ ही कैरीवाल्यांची तक्रार, त्यांच्या एकूण निवेदनात, खरी निघणारी एकमेव गोष्ट आहे. ते नैसर्गिक रबर होतं. श्रेय जिथलं तिथे दिलं पाहिजे.

भावोजींनी अंगणातल्या फणसाला एक रिकामा डबा टांगला आणि अंतर मोजून वीस मीटरवर उभे राहिले. ‘जावईबापू, जरा जवळून घ्या,’ आत्या पडवीतून म्हणाली. ‘पाच मीटरवर उभं राहा आधी.’ भावोजी हसले. पाच मीटरवरून काय, हाताने मारला तरी लागेल. आत्याने अंगणातला एक खडा उचलून त्यांच्या हातात ठेवला. हाताने लागला नाही.

त्यानंतर लेसरची पाळी आली. डब्यावर लाल ठिपका अगदी स्वच्छ पडत होता. तो पाहायला शेजारचीही मुलं जमली. छर्रा ठिपक्याच्या वीतभर डावीकडून निघून गेला. पुन्हा मारला, पुन्हा डावीकडून, मात्र या वेळी खालून. पाणसळीतला बुडबुडा मधोमध शांत बसून होता, त्याचं काही चुकलेलं नव्हतं. लेसरचीही यात चूक नसते. लेसर जिथे रोखलेला आहे तिथे दिसतो आणि छर्रा चामडं जिथून सुटलं त्या रेषेत जातो. दोघांची ओळख करून देण्याचं काम माणसाने करायचं असतं. ते खोक्यात येत नाही.

बेचकीच्या नेमाची खरी गोम पुढच्या टोकाला नसून मागच्या टोकाला आहे. बंदुकीला नळी असते. गोळीने कुठून निघायचं हे कारखान्यात ठरलेलं असतं. बेचकीला नळी नाही. पुढे बेचकं आणि मागे तुमच्या चिमटीतलं चामडं, एवढ्या दोन बिंदूंमधली हवेतली रेष हीच नळी, आणि ती दर खेपेला नव्याने उभी करायची असते. रबर पाऊण मीटर ताणलं आणि मागची चिमूट नेहमीच्या जागेपासून एक सेंटिमीटर इकडे सरकली, तर दहा मीटरवर खडा सुमारे १३ सेंटिमीटर तिकडे जातो. डब्याची रुंदी याहून कमी असते. म्हणून मुरलेले लोक रबर ताणून चिमूट चेहऱ्याच्या एका ठरलेल्या जागी टेकवतात आणि मग आयुष्यभर ती जागा बदलत नाहीत. कोणाची ओठांचा कोपरा, कोणाची गालाचं हाड. आत्याची जागा म्हणजे उजव्या कानातली कुडी. अंगठ्याचं नख कुडीच्या मोत्याला टेकलं की सोडायचं. मोती लागला नाही तर सोडायचं नाही. एवढं साधं, एवढं पक्कं आणि कधीही न हरवणारं साधन कोणत्याही खोक्यात मिळणार नाही. भावोजींची चिमूट कधी हनुवटीला, कधी मिशीला आणि एकदा चष्म्याच्या काडीला टेकत होती. ताईने त्यांना आपली एक कुडी देऊ केली. त्यांनी घातली नाही. मराठी पुरुषांच्या नेमबाजीचं पुष्कळसं नुकसान अशा संकोचातून झालं असणार.

आता शेंड्यावरच्या कैरीच्या देठाचा हिशेब करायला हरकत नाही. देठ चार मिलिमीटर जाड धरू, खडा दहा मिलिमीटरचा धरू, अंतर दहा मीटर. खड्याने देठाला नुसतं चाटून जायचं म्हटलं तरी चिमूट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हललेली चालत नाही. हे अर्धं मिलिमीटर एका अशा मुलाने सांभाळलं, ज्याच्या चड्डीची नाडी सुटलेली होती आणि ज्याच्या मागे झाडाचा मालक धावत होता. मी कोणाला खोटं म्हणत नाही. गणित म्हणतं.

डोळ्याचं प्रकरण वेगळंच. एक डोळा मिटून नेम धरायचा, हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. बहुतेक सिनेमाच्या पोस्टरांनी. एक डोळा मिटला की अंतराचा अंदाज जातो. जमत असेल तर दोन्ही उघडे ठेवावेत. मात्र दोन डोळ्यांपैकी एकाची सत्ता चालते, आणि ती कोणाची हे माहीत हवं. दोन्ही हातांच्या पंजांनी एक छोटी खिडकी करावी, दोन्ही डोळ्यांनी त्यातून दूरची वस्तू बघावी, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते, तो मालक. भावोजींनी ही परीक्षा घेतली आणि उजव्या हाताने बेचकी ताणणाऱ्या या गृहस्थांचा मालक डावा डोळा निघाला. छर्रे डावीकडे का जात होते याचा थोडा उलगडा झाला. मग घरातल्या सगळ्यांनी आपापले मालक शोधले. आतोबांना दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसेना, कारण खिडकीतून नीट दिसावं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

सोडणं ही तर सगळ्यात अवघड पायरी. अवघड अशासाठी, की तिच्यात काहीच करायचं नसतं. चिमूट उघडायची, बस. पण इतका वेळ ताणून धरलेलं रबर नुसतं सोडून देणं माणसाच्या स्वभावात नाही. तो शेवटच्या क्षणी एक झटका देतो, खड्याला आपल्याकडून थोडी मदत म्हणून. ती मदत खड्याला वाकड्या रस्त्याला लावते. चामडं चिमटीत तिरकं धरलं किंवा पीळ पडला, तर खडा बेचक्याच्या एका शिंगाला किंवा ते धरणाऱ्या अंगठ्याला भेटून मग पुढे जातो. भावोजींचा अंगठा पहिल्या दिवशी संध्याकाळी निळा होता, दुसऱ्या दिवशी जांभळा. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला हळद लावून घेतली आणि त्या हातात चहाचा कप धरता येत नाही म्हणून दोन्ही वेळचा चहा ताईने बशीत ओतून दिला.

‘खडे कसले वापरता?’ आत्याने विचारलं. भावोजींनी पोलादी छर्रे दाखवले. साडेनऊ मिलिमीटरचा छर्रा साडेतीन ग्रॅमचा, सगळे सारखे. सारखेपणा हा गुण खरा, आणि अंगणातल्या खड्यांमध्ये तोच नसतो. एक चपटा, एक कोनाचा, एक निम्म्या वजनाचा, आणि प्रत्येकाची हवेतली वाट वेगळी. पण पोलाद दगडी गडग्यावर आपटलं की परत येतं, आणि कोणाकडे येतं ते सांगता येत नाही. फार हलका खडा घेतला तरी पंचाईत. रबराची ताकद खड्याने नेली नाही तर ती रबरातच उरते आणि पुढच्या हाताच्या बोटांवर येऊन बसते. आत्याची पद्धत अशी, की उन्हाळा लागला की तांबड्या मातीत थोडी राख मिसळायची आणि रव्याच्या लाडवांसारख्या एकसारख्या गोळ्या वळून सुपात वाळवायच्या. हात तोच, त्यामुळे गोळ्याही एका मापाच्या होतात. आपटल्या की त्यांचा चुरा होतो, परत यायचा प्रश्न नाही, आणि पहिल्या पावसात जमिनीची माती जमिनीला मिळते. पोलादी छऱ्यांची निम्मी पिशवी मात्र आगरात कुठे कुठे गेली, ती नारळ उतरवायला येणाऱ्या गड्याच्या तळव्यांना वर्षभर सापडत राहील.

मग डब्याच्या मागे चादर टांगायची टूम निघाली. ही कल्पना भावोजींची होती आणि चांगली होती. फक्त त्यांनी चादर चारी बाजूंनी ताणून खिळे मारून बसवली. पहिलाच छर्रा तिच्यावरून उडून तुळशीवृंदावनावर वाजला. आत्याने खालचे दोन खिळे उपटले. सैल लोंबणारं कापड मार गिळतं, ताणलेलं परतवतं. चादर सैल सुटली, छर्रे तिच्या पायाशी टपटप पडायला लागले आणि सापडायलाही लागले. तोवर डब्याला धक्का लागला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

वीस मीटरचा हट्ट भावोजींनी सोडला त्याला कारण मात्र आत्या नव्हे, न्यूटन. चांगल्या बेचकीतून खडा सेकंदाला पन्नास मीटर वेगाने निघतो असं धरू. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात तो वीस सेंटिमीटर खाली येतो. अंतर दुप्पट केलं की खाली येणं चौपट होतं, म्हणजे जवळजवळ ८० सेंटिमीटर. हवेचा अडथळा यात धरलेला नाही. तो धरला तर आकडा आणखी वाईट होतो. वीस मीटरवरच्या डब्याला मारायचं तर नेम डब्याच्या बरंच वर, फणसाच्या फांदीवर धरावा लागतो, आणि फणसावर नेम धरून डब्याला लागण्याची वाट बघणं हे प्रत्येकाच्या तब्येतीला झेपत नाही. हा हिशेब भावोजींनी स्वतः लॅपटॉपवर मांडला आणि स्वतःलाच पटवला. गणिताने हरायला त्यांची हरकत नसते.

आत्याचा नेम मी पाहिला तो त्याच आठवड्यात. दुपारची वेळ, सगळे आडवे झालेले. परसात वानरांची टोळी उतरली. कोकणात काळतोंडी वानरं आणि लालतोंडी माकडं या दोघांनी बागाईतदारांच्या नाकी नऊ आणले आहेत. शहाळी, केळी, फणसाच्या कुयऱ्या, शेवग्याचा कोवळा पाला, काही सुटत नाही. आत्या उठली, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा तिने डोळ्यांवर चढवला, खुंटीवरची बेचकी घेतली आणि मागच्या दारात उभी राहिली. नख कुडीला टेकलं. पुढच्या क्षणी न्हाणीघराच्या पत्र्यावर, हुप्प्यापासून हातभर अंतरावर, धाडकन आवाज झाला. टोळी गडगा ओलांडून पसार. ‘चुकला,’ भावोजी खिडकीतून म्हणाले. आत्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ‘त्याला कशाला लागायला हवाय जावईबापू? लागला तर तो चिडतो. पत्रा वाजला की पळतो.’

हे ऐकल्यापासून अचूक नेमाबद्दलचं माझं मत पार बदललं आहे. वानराला मारणं तुलनेने सोपं, वानर मोठं असतं. त्याला न लागता त्याच्या हातभर शेजारी, नेमक्या वाजणाऱ्या पत्र्यावर गोळी घालणं, याला म्हणायचं नेम. सरकारलाही हे कळलेलं आहे. ताजमहालावर माकडं पर्यटकांना चावायला लागली, तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांच्या हाती बेचक्या देण्यात आल्या. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती बेचकी घेतलेल्या त्या जवानांना लवकरच कळलं, की बहुतेक वेळा मारावंच लागत नाही, नुसती उगारली तरी माकड समजून जातं. बंदुकीचा हा उपयोग नाही. माकडाला बंदूक कळत नाही, बेचकी कळते. तिच्याशी त्याची घराण्याची ओळख आहे.

न मारण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कैरीवाल्यांना आवडणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ जीव घेणं नव्हे, जखमी करणंही शिकारच. सुगरण, पोपट, साळुंकी, होला, कोणावरही खडा रोखला की तुम्ही शिकारी ठरता. एके काळी कावळ्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकून सूट होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. आता नेम शिकलेल्या माणसाला कायदेशीररीत्या उरतो तो डबा. डबा आणि स्वतःच्या झाडाची कैरी. शेजाऱ्याच्या झाडाची कैरी वेगळ्या कायद्यात येते.

पाखरावरच्या नेमातून काही चांगलं निघाल्याचं एक उदाहरण मात्र नोंदवायला हवं. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा कसा म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत जाऊन विचारलं, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. हे उदाहरण पुढे करून आपला मुलगाही उद्या पक्षिशास्त्रज्ञ होईल, असं सांगणारे पालक मला भेटले आहेत. सलीम अलींनी पाखरू उचलून प्रश्न विचारायला नेलं. यांचा मुलगा घरात लपतो.

उलट २००९ पासून एक काव्यात्म न्यायही चालू आहे. त्या वर्षी फिनलंडच्या एका कंपनीने अँग्री बर्ड्स नावाचा मोबाइल खेळ काढला, त्यात पाखरंच बेचकीत बसतात आणि जगावर स्वतःला फेकून घेतात. कोट्यवधी लोकांनी त्यात बोटाने बेचकी ताणली. भाचा त्यात पटाईत आहे. खरी बेचकी हातात दिल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, की ठिपक्याठिपक्यांची वाट कुठे दिसते. त्याच्या वडिलांनी एवढ्यासाठीच लेसरला पैसे मोजले होते, म्हणून मी काही बोललो नाही.

बेचकीच्या नावावर एक मोठा धंदाही जमा आहे. अमेरिकेत रिचर्ड नेर आणि आर्थर मेलिन हे दोन मित्र ससाणे पाळायचे आणि त्यांना शिकवताना मांसाचे तुकडे बेचकीने हवेत उडवायचे. ससाण्यांपेक्षा लोकांना बेचकीच आवडते हे पाहून त्यांनी १९४८ मध्ये कंपनी काढली, आणि गोळी आपटल्याच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं व्हॅम-ओ. फ्रिस्बी आणि हुला हूप जगभर नेले ते याच कंपनीने. इटलीत २०१८ मध्ये बेचकीची विश्वचषक स्पर्धाही झाली. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की तिथे वानरं आहेत का. नाहीत म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला.

भावोजींना डबा लागला. पाच मीटरवरून, आत्याच्या बेचकीने, आत्याच्या गोळीने. लेसर, टेकू आणि पाणसळ तेव्हा खोक्यात होती. चिमूट त्यांनी गालावरच्या एका तिळाला टेकवली होती. ही जागा त्यांना त्यांच्या आईने दिलेली आहे, आणि ती हरवत नाही. डबा वाजला तेव्हा भावोजींनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. ते बेचकीकडे बघत होते. मग त्यांनी रबर दोनदा ताणून सोडलं आणि म्हणाले, ‘हे रबर मात्र बरोबर आहे हं.’ वय अठ्ठेचाळीस. म्हणजे कैरी सांगायला अजून दोन वर्षं आहेत.

तुम्हाला शिकायचं असेल तर मुलांना किंवा गोष्टी सांगणाऱ्यांना गुरू करू नका. कोकणात कोणाची तरी आत्या, मावशी किंवा आजी घराच्या मागच्या दारात हा कारभार चालवत असते, तिला शोधा. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ती बेचकीला हात लावू देणार नाही, आणि त्यावर वाद घालू नका. उन्हात राहिलेल्या रबराला बारीक चिरा पडतात, ते ताणताना तुटतं आणि थेट तोंडावर येतं. मे महिना टाळा, तेव्हा तिच्याकडे पाहुणे फार असतात. जाताना मिठाई नेऊ नका, तिला साखर चालत नसते. औषधांच्या दुकानातून व्यायामाची रबरी पट्टी न्या. हिरवी न्या. पिवळी फार मऊ निघते.